सायबाची घंटा आणि सायबाचे पत्र

आपल्या गोव्यात हल्ली देवाचा अपमान फार लवकर होतो. सकाळी कोणी भाषणात एक वाक्य बोलावे, दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाईलवर पोचावे आणि संध्याकाळी पोलीस स्टेशनसमोर जमाव उभा राहावा, हे आता नेहमीचे झाले आहे. जमाव कधी भगवे झेंडे घेऊन येतो, कधी क्रूस घेऊन. मागणी मात्र दोघांचीही एकच असते. आमच्या भावना दुखावल्या, गुन्हा नोंदवा, अटक करा!

२०२४ च्या ऑक्टोबरात हेच झाले. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या जुन्या गोव्यातील शवाची डीएनए चाचणी करा, अशी मागणी संघाच्या एका माजी पुढाऱ्याने केली. मागणी खोडसाळ होती, हे सांगायला कोणी पंडित नको. पण तिला उत्तर काय मिळाले? मडगावात रस्ते अडवले गेले, ठिकठिकाणी पोलिसांत तक्रारी झाल्या, अटकेसाठी घोषणा झाल्या. पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरपासून, त्याच सायबाचे शवप्रदर्शन सुरू झाले आणि सगळ्या धर्मांचे लोक मुकाट्याने रांगा लावून दर्शन घेऊन गेले. सायबाला कोणाच्या चाचणीने काही झाले नाही आणि कोणाच्या रास्ता रोकोनेही काही झाले नाही.

मला त्या दिवसांत एकच प्रश्न पडला होता. खुद्द सायब त्या चौकात असता तर त्याने काय केले असते? प्रश्न भाबडा वाटेल, पण तसा तो नाही. कारण सायबाच्या चरित्रातच त्याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिले उत्तर घंटेचे. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरला तेव्हा तो साधा पाद्री नव्हता. पोपचा वकील म्हणून तो आला होता. त्याने राजवाड्यात उतरायचे, मेण्यातून फिरायचे, लोकांनी गुडघे टेकायचे. तो उतरला इस्पितळात, रोग्यांच्या शेजारी. आणि हातात एक छोटी घंटा घेऊन जुन्या गोव्याच्या रस्त्यांतून ती वाजवत पोरे आणि गुलाम गोळा करीत सुटला. त्यांना प्रार्थना शिकवायच्या म्हणून! पोपचा वकील फेरीवाल्यासारखा घंटा वाजवत चालला आहे, हे बघून तिथले शिष्ट फिदालगो हसले नसतील असे मला तरी वाटत नाही. त्याला त्याचे काही नव्हते.

दुसरे उत्तर पत्राचे. १५४६ च्या मे महिन्यात याच सायबाने अंबोन बेटावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिले आणि गोव्यात इन्क्विझिशन पाठवा अशी मागणी केली. तो १५५२ मध्ये वारला, इन्क्विझिशन आले १५६० मध्ये आणि मधली चार वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते गोव्याच्या मानेवर बसले. त्याने काय केले ते गोमंतकीय वाचकाला मी सांगायला नको.

घंटा आणि पत्र, दोन्ही एकाच माणसाची. घंटेत श्रद्धावंत स्वतः लहान होतो, लोकांच्या हसण्याला स्वतःला उघडा ठेवतो. पत्रात तो सत्तेला सांगतो की आता यांना लहान कर. माझे म्हणणे सरळ आहे. आज आपण सगळे, हिंदू काय आणि ख्रिश्चन काय, सायबाचे पत्रच पुन्हा पुन्हा लिहीत बसलो आहोत. घंटा कोणालाच नको आहे. ती वाजवताना लोक हसतात ना!

ख्रिस्ती धर्माचा तर पायाच या हसू करून घेण्यावर आहे. संत पॉलने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला इसवी सनाच्या ५५ च्या सुमारास पत्र लिहिले. करिंथ म्हणजे व्यापाऱ्यांचे आणि वक्त्यांचे शहर. तिथल्या मंडळीत कोण थोर, कोण शहाणा यावरून तट पडले होते. पॉल त्यांना सांगतो की तुम्ही शहाणे असाल, आम्ही ख्रिस्तासाठी मूर्ख झालेले आहोत. हे सांगताना तो स्वतःची गणना जगाच्या केरकचऱ्यात करतो. आणि खरेच, त्या काळी हा धर्म मूर्खांचाच वाटत होता. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. क्रुसावर मेलेला माणूस देव म्हणून पुजायचा, याहून हास्यास्पद ते काय? रोममध्ये पॅलाटाईन टेकडीवर एका जुन्या भिंतीवर खरवडलेले चित्र सापडले आहे. क्रुसावर एक माणूस, त्याला डोके गाढवाचे, खाली हात वर केलेला एक भक्त आणि शेजारी मजकूर असा की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. ख्रिस्ताच्या क्रुसाच्या जगातल्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते टवाळीचे! त्या अलेक्सामेनोसने तक्रार नोंदवल्याचे कुठे दिसत नाही. नोंदवणार कुठे? तो धर्म वाढला तो असल्या अलेक्सामेनोसांच्या जिवावर.

इथे हिंदू वाचक खूश होऊन मान डोलावू लागला असेल, तर त्याला जरा थांबवतो.

मी सरकारी कारकून. देवस्थानांचे कागद इतकी वर्षे माझ्या टेबलावरून गेले आहेत. गोव्यातल्या देवस्थानांना १९३३ चा पोर्तुगीजांच्या वेळचा महाजनी कायदा लागू आहे आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. म्हणून देवाची भांडणे आमच्याकडे येतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, तरंग कोणी धरायचे, कौल कोणत्या घराण्याने आधी घ्यायचा, शिगम्याचे रोमट कोणाच्या आंगणातून आधी न्यायचे! या अर्जांत 'मान' हा शब्द दर दोन ओळींआड येतो. 'आमचा पूर्वापार मान', 'आमच्या मानाला धक्का', 'मानहानी'. देव हा शब्द मात्र बहुधा एकदाच येतो, तोही देवस्थानच्या नावात. कधी प्रकरण इतके चिघळते की ऐन जत्रेला पोलीस बंदोबस्त लागतो, पालखी आतच राहते. देव उपाशी राहिला तरी चालेल, मानकऱ्याचा मान गेलेला चालणार नाही!

इगर्जींतही फार वेगळे नाही. कॉन्फ्रारियात कोणत्या जातीच्या माणसाला घ्यायचे, कोणी खांद्यावर कोणत्या रंगाचे वस्त्र घ्यायचे, फेस्त कोणत्या वाड्याने करायचे, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. ज्याने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावर भांडण!

या पार्श्वभूमीवर मला आपल्याच मातीतली तीन माणसे आठवतात.

पहिले फादर स्टीफन्स. आपण मराठीवाले त्यांचे नाव उठता बसता घेतो, पण कशासाठी? भाषावादात फेकून मारायला. इंग्रज पाद्र्यानेसुद्धा १६१६ मध्ये राचोलला मराठीत क्रिस्तपुराण छापले, मग मराठी गोव्याची नव्हे असे कोण म्हणतो, एवढ्यापुरते. मराठीच्या स्तुतीच्या त्यांच्या चारदोन ओव्या आपल्याला पाठ असतात आणि उरलेल्या अकरा हजारांच्या आसपासच्या ओव्यांत त्यांनी काय सांगितले ते आपण उघडूनही पाहत नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा माणूस आयुष्याची पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, इथेच राहिला. तिशीतल्या शिकल्यासवरलेल्या गोऱ्या माणसाने सासष्टीत बसून परक्या भाषेचा श्रीगणेशा करायचा, उच्चार चुकले की ऐकणाऱ्यांचे हसू सोसायचे आणि शेवटी त्यांच्याच ओवीत त्यांना पुराण सांगायचे, हे नम्रतेशिवाय होत नाही. पण पुरते सांगायचे तर हेही सांगितले पाहिजे की त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती. सासष्टीतली देवळे ते येण्याआधीच मोडली गेली होती. नव्याने बाटलेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी दुसरे पुराण हवे होते, कारण जुनी पुराणे त्यांच्या हातून काढून घेतली होती. म्हणजे स्टीफन्सच्या एका हातात घंटा होती हे खरे, पण पत्र त्यांच्या आधीच पोचले होते.

दुसरा माणूस मात्र पत्र घरी ठेवून गेला. सेंट जोसेफ वाझ. जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावलीत, घर सांकवाळचे. जातीने ब्राह्मण ख्रिश्चन. त्या काळी गोऱ्यांचे धर्मसंघ गोमंतकीयांना आत घेत नसत, म्हणून देशी पाद्र्यांनी ऑरेटरी नावाचा आपला संघ काढला होता. त्यात वाझ गेले आणि त्याला वळण त्यांनी दिले. गंमत बघा, गोऱ्यांनी दार लावले म्हणून काढलेल्या या संघाचेही दार ब्राह्मण ख्रिश्चनांनाच उघडे होते! मान हा रोग असा एकाकडून दुसऱ्याला लागतो.

सिलोनात तेव्हा डचांचा अंमल होता. डच प्रोटेस्टंट, त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेली, आणि तिथले कॅथलिक कित्येक वर्षे पाद्र्यावाचून. वाझ १६८७ मध्ये जाफन्याला पोचले ते हमालाच्या वेषात. कमरेला पंचा, पाय अनवाणी, बरोबर एक सोबती. प्रवासातच हगवणीने अर्धमेले झालेले. बरे झाल्यावर ते दारोदार भीक मागत हिंडले. गळ्यात जपमाळ तेवढी उघडी ठेवायची आणि ती कोण ओळखतो ते बघायचे. ज्या ब्राह्मणपणाला त्यांचे भाऊबंद बाप्तिस्म्यानंतरही शे-दीडशे वर्षे घट्ट धरून बसले होते, तो त्यांनी जाफन्याच्या धक्क्यावर पंचा नेसून टाकून दिला. यापेक्षा मोठे हसे गोव्यातल्या ब्राह्मणाचे काय व्हायचे?

तिथे पोर्तुगीजांचे नाव घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे. १६९२ मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले तर पोर्तुगीजांचे हेर म्हणून तुरुंगात पडले. ते तिथली भाषा शिकले, हळूहळू राजाचा संशय फिटला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्यांना पळणे शक्य होते ते पळाले. वाझ आणि त्यांचा एक सहकारी रानात, झोपड्यांत टाकून दिलेल्या रोग्यांना आपल्या हाताने धूत, भरवत आणि मेले की पुरत राहिले. रोगी कोणत्या धर्माचा ते त्यांनी विचारले नाही. बौद्ध राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळीक दिली ती या कामामुळे. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते वारले, गोव्याला परत आले नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केले. त्यानंतर गोव्यात त्यांच्या नावाच्या मिरवणुका निघाल्या. छान झाले. पण त्या मिरवणुकीत कोणी विचारले का, की बाबा, पंचा कुठे आहे?

आमच्या आमोण्याहून मांडवीने खाली गेले की दिवाडी बेट लागते. वाझांच्या मागोमाग सिलोनात गेलेले फादर जाकोम गोन्साल्विस याच दिवाडीचे. ते १७४२ पर्यंत तिथे राहिले आणि सिंहली व तमिळ शिकून त्या भाषांत इतके लिहिले की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे ते जनक मानले जातात. आणि याच दिवाडीवरून सप्तकोटेश्वराला नदीपलीकडे, आमच्या डिचोलीतल्या नार्व्यात पळ काढावा लागला होता. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले ते याचसाठी. एकाच बेटावरून पत्रामुळे एक देव परागंदा झाला आणि घंटा हातात घेऊन एक माणूस परमुलखात गेला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवणारा तो खरा गोमंतकीय, असे मी समजतो.

तिसरा माणूस गोव्याचा नव्हे, पण शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याचा, करजगावचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण, नावाजलेला कवी. घरदार तुटले, बायको जवळजवळ पाच वर्षे दूर राहिली, गावोगाव छीथू झाली. त्यांच्यामागे काही सत्ता होती का? कोणी म्हणेल, इंग्रजांचे राज्य होते, मिशनचा पगार होता. होता ना! तो पगारच त्यांनी १९१७ मध्ये सोडला. पन्नाशी उलटल्यावर अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला, भगवी वस्त्रे घातली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. महिन्याचा पगार त्या वयात सोडणे म्हणजे काय, ते आम्हा कारकुनांना विचारा! हिंदूंना वाटले, बाटलेला असून संन्याशाचे सोंग करतो. कित्येक ख्रिश्चनांना वाटले, हा पुन्हा हिंदू होतो की काय. दोन्हीकडून हसू. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, तो दरबारही फार टिकला नाही. पण त्यांची पदे मराठी इगर्जींत आजही गायली जातात.

आणि टिळकांचे सगळ्यात मोठे भाग्य सांगू? त्यांच्यावर सगळ्यात मनमोकळे हसली ती त्यांची बायको. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळकांचा विसरभोळेपणा, तडकाफडकी निर्णय, हातात पैसा न टिकणे, सगळे त्यांनी उघडे मांडले आहे. वाचताना आपण पोट धरून हसतो. पुस्तक संपते तेव्हा टिळक आपल्या मनात एका वीतभरानेही खाली आलेले नसतात. खऱ्या श्रद्धेची ही परीक्षा आहे. घरच्यांचे हसणे पचवून जी उरते ती श्रद्धा. जी पहिल्याच विनोदाला पोलीस बोलावते, तिला मी अब्रू म्हणेन, श्रद्धा म्हणणार नाही.

आता दोन आक्षेप येतील, ते मीच घेतो. पहिला: ज्यांनी आमची देवळे मोडली त्यांच्या साधूंचे गुण आम्हाला कशाला सांगता? सांगतो, कारण मोडणारे हात आणि पंचा नेसून हिंडणारे पाय यांतला फरक ज्याला कळत नाही, तो उद्या स्वतः मोडणारा होतो. शिवाय हे वेड आपल्याला परके नाही. तेराव्या शतकात ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरत, पोरांत खेळत, लोकांना ते वेडे वाटत. चक्रधरस्वामींनी त्यांनाच गुरू मानले आणि म्हाइंभटांनी त्यांच्या या वेडाचे चरित्र मराठीत लिहून ठेवले. आपले सोहिरोबानाथ आंबिये तर माझ्याच जातकुळीचे, म्हणजे कारकून! बांद्याचे कुलकर्णीपद हातात असलेला माणूस दप्तर टाकून निघून गेला. थेट उज्जैनीपर्यंत गेला आणि महादजी शिंद्यांसारख्या बलाढ्य सरदाराचीही मर्जी त्याने राखली नाही, असे परंपरा सांगते. पेडणे तालुक्यातल्या सरकारी कॉलेजला आज त्यांचे नाव आहे. दप्तर टाकणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात लागले, यावर ते स्वतः हसले असते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नम्र व्हा, सहन करा, असे ज्यांना देवळाबाहेर ठेवले त्यांनाच शतकानुशतके सांगितले गेले. खरे आहे, आणि म्हणून मी ते त्यांना सांगत नाही. ज्याला पंगतीत बसू दिले नाही त्याने भांडलेच पाहिजे, कायद्याकडेही गेले पाहिजे. न्याय मागणे वेगळे, मान मागणे वेगळे. दारे उघडण्यासाठी केलेला अर्ज आणि दारात आपण पुढे उभे राहावे म्हणून केलेला अर्ज, हे दोन्ही माझ्या टेबलावर येतात आणि दोन्हींतला फरक कारकुनालाही कळतो. वाझांनी जे टाकले ते त्यांच्याकडे होते म्हणून टाकले. ज्याच्याकडे खांदा, नारळ, पहिला बाक आणि रंगीत वस्त्र आहे, त्यालाच मी म्हणतो आहे की ते खाली ठेव.

आमोण्याचे ग्रामदैवत बेताळ. बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहायची चाल गोव्यात जुनी आहे. देव रात्री गावची राखण करीत पायी हिंडतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. अंगावर धड वस्त्र नसलेला, वहाणा झिजेपर्यंत चालणारा देव आपल्या पूर्वजांना शोभत होता. त्याच्या पालखीपुढे आपण फेट्याच्या रंगावरून भांडतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्या देवाची टवाळी केली की एवढे करून बघा. अर्ज लिहायच्या आधी त्या दिवशी गावातल्या एखाद्या रोग्याला पेज नेऊन द्या. ख्रिश्चन असाल तर सायबाच्या नावाने द्या, हिंदू असाल तर बेताळाच्या. लोक विचारतील, अपमान झाला आणि तू पेज काय वाटतोस, पिसा झालास की काय? हो म्हणा. पिसाच झालो म्हणा. ज्यांच्या नावाने आपण रस्ते अडवतो ते सगळे तसेच होते.